शेजपाळी चार्जरची

विजेच्या चारचाकीसाठी घरी बसवतात तो चार्जर साधारण ७.४ किलोवॅटचा असतो. हा आकडा पैठण तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचा तर पाच अश्वशक्तीच्या दोन मोटारी. दारात गाडी लावून चार्जरची गन जोडली की विहिरीवरच्या दोन मोटारी एकदम सुरू झाल्या असे समजावे. गल्लीत अशा पाच गाड्या आल्या तर आधीच भरत आलेल्या डीपीवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, आणखी दहा मोटारी चढल्या. त्याचे पुढे काय होते हे आपल्याकडे कुणाला शिकवावे लागत नाही. डीपी जळते. मग वर्गणी, ट्रॅक्टर, चकरा, आणि नवी डीपी येईपर्यंत उभ्या पिकाकडे बघत बसणे.

विजेच्या गाड्या आता आपल्यापासून दूर राहिलेल्या नाहीत. बिडकीन पैठण तालुक्यातले गाव. तिथल्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत दुचाकींचा कारखाना काढणार असल्याचे एथरने २०२४ च्या जूनमध्ये जाहीर केले. त्याच वर्षी विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांच्या प्रकल्पासाठी टोयोटा किर्लोस्करचा राज्य सरकारशी करार झाला. जेएसडब्ल्यूच्या विजेच्या वाहनांच्या प्रकल्पासाठीही इथलीच जमीन ठरली. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली. गाड्या बनणार आपल्या तालुक्यात, धावणार आपल्या रस्त्यांवर. रात्री त्या भरणार कुठे आणि कशा, याबद्दल मात्र आपल्या इमारतींच्या सभांमध्ये अजून एकच प्रश्न विचारला जातो: चार्जर बसवायला किती खर्च येईल?

मला हा प्रश्न चुकीचा वाटतो. चार्जर ही दुकानात मिळणारी वस्तू आहे. पहिल्यांदा ठरवायला हवा तो वाटपाचा नियम. एका तारेवर दहा चार्जर असतील आणि ती तार दहांना एकाच वेळी पुरणार नसेल, तर कुणाला किती, कधी आणि कोणत्या कारणाने? या वाटपाला धंद्यातले लोक लोड बॅलन्सिंग म्हणतात. नाव ऐकून ते इलेक्ट्रिशियनचे काम वाटते. यंत्राचा भाग त्याचाच आहे, पण यंत्रात घालायचा नियम इलेक्ट्रिशियनने ठरवायचा नसतो. तो शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचा असतो. आणि असे नियम ठरवताना काय काय चुकते, हे नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावर राहणाऱ्या माणसाइतके महाराष्ट्रात दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल असे मला वाटत नाही.

आधी हिशेब मांडतो, कारण हिशेब न मांडता होणाऱ्या चर्चेत भीती आणि भांडण यापलीकडे काही निघत नाही.

समजा पैठणमध्ये एक इमारत आहे. लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे हे सगळे वजा जाता रात्री गाड्यांसाठी प्रत्येक फेजवर ४० अँपिअर मोकळे राहतात. गाड्या १८. प्रत्येकीला पूर्ण ३२ अँपिअर द्यायचे म्हटले तर फेजवर एक गाडी लागते, दुसरीला जागा नाही. तीन फेज, तीन गाड्या. उरलेले पंधरा जण म्हणणार की कनेक्शन वाढवा, डीपी मोठी आणा. आता दुसऱ्या बाजूने बघू. गावात आणि जवळपास फिरणारी गाडी दिवसाला ४० किलोमीटर चालते असे धरले, तर किलोमीटरला दीड दशांश युनिटाच्या हिशेबाने, म्हणजे ०.१५ ने, तिला ६ युनिट लागतात. १८ गाड्यांना १०८. आणि त्या ४० अँपिअरच्या तीन फेजमधून रात्री नऊ ते सकाळी सहा या नऊ तासांत किती वीज मिळू शकते? सुमारे २४८ युनिट. गरजेच्या दुपटीहून जास्त. तीन गाड्यांनाच पुरणारी वाटलेली तार अठरा गाड्यांना भरपूर पुरते. टंचाई विजेची नाही. सगळ्यांना एकाच वेळी आणि पूर्ण वेगाने हवी, एवढीच अडचण आहे.

गाडी रात्रभर उभी असते आणि तिची गरज तासाभरात भागते. पाण्याच्या वाटपात ही चैन कधीच नव्हती. ज्याच्या शेतात विहीर किंवा शेततळे नाही त्याला कालव्याचे पाणी आले त्या वेळीच घ्यावे लागते. गाडीच्या पोटात मात्र स्वतःचा छोटा नाथसागर असतो. तो रात्री दहाला भरला की पहाटे चारला, मालकाला फरक पडत नाही, सकाळी निघताना भरलेला असला की झाले. म्हणून विजेच्या गाड्यांचे वाटप पाण्याच्या वाटपापेक्षा सोपे आहे. ते आपण भांडणाचे करून ठेवले तर दोष पूर्णपणे आपलाच असेल.

यंत्र काय करते तेही सांगायला हवे, कारण गाडीला वीज कमी द्यायची म्हणजे फ्यूज बारीक करायचा अशी एक समजूत आहे. चार्जर आणि गाडी यांच्यामध्ये जाड तारांबरोबर एक बारीक इशाऱ्याची तारही असते. तिच्यावरून चार्जर सेकंदाला हजार वेळा एक ठोका पाठवत असतो. त्या ठोक्याची रुंदी हा निरोप असतो. रुंदी १० टक्के असेल तर गाडीने ६ अँपिअरपर्यंत घ्यायचे, ५० टक्के असेल तर ३० अँपिअरपर्यंत. मर्यादा बदलली की गाडीने काही सेकंदांत आपली भूक कमी करायची, असा तो आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि गाड्या तो पाळतात. इमारतीच्या मुख्य तारेला करंट मोजणारी सीटीची कडी लावली, ती एका नियंत्रकाला जोडली आणि नियंत्रकाने सगळ्या चार्जरना निरोप द्यायचे ठरवले, की व्यवस्था उभी राहिली. संध्याकाळी सातला लिफ्ट सारखी चालू असते, घराघरांत एसी असतात, तेव्हा गाड्यांना थोडेच मिळते. अकरानंतर इमारत झोपते, नियंत्रक गाड्यांचा वाटा वाढवतो.

या संकेतात एक आकडा कळीचा आहे, ६ अँपिअर. त्याच्या खाली गाडी भरता येत नाही, थांबवावी लागते. म्हणजे ४० अँपिअरच्या फेजवर एका वेळी जास्तीत जास्त सहा गाड्या. सातवी आली की तिला थेंबथेंब देता येत नाही, पाळी लावावी लागते. कालव्यावरही असेच असते. चारीतला प्रवाह एका मापाच्या खाली गेला की पाणी शेतापर्यंत पोचतच नाही, वाटेतच मुरते. म्हणून शेजपाळी निघाली: थोडे थोडे सगळ्यांना एकदम द्यायचे नाही, पुरेसे द्यायचे पण क्रमाने. चार्जर बनवणाऱ्या कंपन्या ज्याला फिरते वाटप म्हणतात ते आपल्या पाटकऱ्याच्या वहीत कित्येक वर्षांपासून लिहिलेले आहे.

फेजचा मुद्दाही मी सोडणार नाही, कारण आपल्याकडे पहिली चूक इथेच होईल. ६३ केव्हीएची डीपी प्रत्येक फेजवर सुमारे ८४ अँपिअर देऊ शकते. एका फेजच्या तीन गाड्या पूर्ण वेगाने लावल्या आणि वायरमनने तिन्ही चार्जर सवयीने पहिल्याच फेजवर जोडले, तर ९६ अँपिअर होतात. बाकीच्या दोन फेज रिकाम्या, आणि डीपीची एक गुंडाळी तापून चालली आहे. एकूण भार बघाल तर २२ किलोवॅट, ६३ च्या मानाने काहीच नाही. कागदावर सगळे ठीक आणि खांबावर धूर. ज्या घरांना ती फेज आहे त्यांच्याकडे पंखे मंद फिरतात, मग कुणीतरी फेज बदलून घेतो, आणि तो भार दुसऱ्या फेजवर जातो. पहिला चार्जर आर फेजवर, दुसरा वायवर, तिसरा बीवर, चौथा पुन्हा आरवर, एवढी साधी शिस्त वायरिंगच्या दिवशी पाळली तर पुढचे निम्मे दुखणे टळते. याला पैसा लागत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले. विजेच्या गाडीसाठी वेगळे कनेक्शन मागण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला, मोठ्या गृहसंकुलांतल्या रहिवाशांनाही. ही सुधारणा चांगली आहे. पूर्वी सोसायटीच्या एका नकारावर माणूस अडून राहत असे. पण तिच्यातून एक गैरसमज वाढतो आहे, आणि तो मी सुशिक्षित लोकांकडूनही ऐकला आहे: प्रत्येकाचा मीटर वेगळा झाला की वाटपाचा प्रश्नच उरत नाही, ज्याने त्याने आपले बघावे. मीटर वेगळे होतील, डीपी एकच राहील. शेतात प्रत्येकाचे कनेक्शन वेगळे आहे, मंजूर भार वेगळा आहे, आणि तरी डीपी जळतेच. का जळते? ऑटोस्विचमुळे. थ्री फेज वीज आली की सगळ्यांच्या मोटारी त्याच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा असे महावितरण वर्षानुवर्षे विनवते आहे. शेतकरी ऐकत नाही, कारण रात्री दोनला वीज आल्यावर अंधारात, साप-विंचवाच्या रानात बटण दाबायला जायचे कुणी? त्याचे वागणे त्याच्या जागी बरोबर आहे. प्रत्येकाचे वागणे आपापल्या जागी बरोबर असूनही सगळ्यांची डीपी जळते.

गाड्यांचे अगदी हेच होणार आहे, आणि तेही स्वस्त विजेमुळे. दिवसातल्या वेळेप्रमाणे दर ही पद्धत आता येऊन ठेपली आहे. २०२३ च्या केंद्रीय नियमांनी उन्हाच्या तासांत वीज किमान २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत महाग, अशी चौकट घालून दिली. स्वस्त दर ज्या मिनिटाला सुरू होईल त्या मिनिटाला गावातले सगळे टायमर लागतील. ब्रिटनने हा धोका आधी ओळखला. तिथे २०२२ च्या जूनपासून विकल्या जाणाऱ्या घरगुती चार्जरना सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटांपर्यंतचा स्वैर विलंब घालणे सक्तीचे आहे. कुणाचा चार्जर दोन मिनिटांनी लागतो, कुणाचा सात मिनिटांनी, कुणाचा लगेच. कुणाचे काही बिघडत नाही आणि धक्का पसरून जातो. आपल्याकडे ऑटोस्विचला असाच स्वैर विलंब सक्तीचा केला असता तर किती डीपी वाचल्या असत्या, हा विचार माझ्या मनातून जात नाही. निदान चार्जरच्या बाबतीत तरी तो नियम इथे आत्ताच व्हावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वाटप करायचे ठरले, यंत्रही आले. न्याय कोणता घालायचा?

सगळ्यात सोपा नियम समान वाटपाचा. अठरा गाड्या, अठरा सारखे भाग, प्रत्येकीला ६ अँपिअर. नऊ तासांत प्रत्येकीच्या पदरात १२.४ युनिट पडतात. चाळीस किलोमीटरवाल्याला हे गरजेच्या दुप्पट आहे. पण त्याच इमारतीत एक जण रोज संभाजीनगरला कामाला जातो. जाऊन येऊन ११० किलोमीटर, म्हणजे १६.५ युनिट. समान वाटपात तो रोज चार युनिटांनी उपाशी राहणार. चौथ्या-पाचव्या दिवशी वाटेतल्या ढोरकीनच्या पुढे त्याची गाडी थांबायची वेळ येणार, आणि इमारतीत त्याच रात्री शंभरावर युनिट कुणाला नको म्हणून शिल्लक राहिलेले असणार. समान वाटप झाले, न्याय झाला नाही. मराठवाड्याने 'समन्यायी' या शब्दासाठी किती वर्षे घालवली आहेत. 'समान' आणि 'समन्यायी' यांतला फरक इथे कुणी शब्दकोशातून शिकलेले नाही.

दुसरा नियम पहिल्या येणाऱ्याचा. आपल्या मनात तो न्याय म्हणून खोल बसलेला आहे, कारण रांगेची आपल्याला सवय आहे. नदीत मात्र या नियमाचे काय होते ते आपण पाहिले आहे. नाशिक-नगरची धरणे जायकवाडीच्या वर आहेत, पाणी आधी त्यांना भेटते. वरच्याने भरून घ्यावे आणि उरले तर खाली सोडावे, ही पहिल्या येणाऱ्याच्या नियमाचीच नदीवरची आवृत्ती. तारेत वर-खाली नसते. इमारतीच्या तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये कालव्यासारखे कुणी हेडला, म्हणजे तोंडाशी नाही, कुणी टेलला, म्हणजे शेवटी नाही. तिथे हेड आणि टेल वेळेत असतात. जो संध्याकाळी सहाला घरी येतो तो हेडचा, जो रात्री साडेबाराला दुसरी पाळी संपवून येतो तो टेलचा. आणि सहाला येणारा बहुधा सकाळी नऊशिवाय हलत नाही. गरज कुणाची मोठी हे येण्याच्या वेळेवरून कळतच नाही, निघण्याच्या वेळेवरून कळते.

म्हणून या विषयात काम करणाऱ्यांनी जो तिसरा नियम काढला तो मला सगळ्यांत शहाणा वाटतो. त्याला मी सवडीचा नियम म्हणेन. गाडी निघायला किती तास आहेत त्यातून ती भरायला लागणारे तास वजा करायचे. उरते ती सवड. सातला आलेल्या, सकाळी नऊला निघणाऱ्या आणि ६ युनिट हव्या असलेल्या गाडीला भरायला पन्नास मिनिटे लागतात, तिची सवड तेरा तासांची. मध्यरात्री आलेल्या, पहाटे पाचला निघणाऱ्या आणि १६.५ युनिट हव्या असलेल्या गाडीला सव्वादोन तास लागतात, तिची सवड पावणेतीन तास. जिची सवड कमी तिला आधी. तेरा तास सवड असलेल्याचे यात काहीही जात नाही. त्याची गाडी सकाळी भरलेलीच असते, आपली पाळी मागे गेली होती हे त्याला कळतही नाही.

या नियमाला एक भोक आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. निघण्याची वेळ माणसाने स्वतः सांगायची असते. मग प्रत्येक जण पहाटे पाच सांगणार. कालव्याच्या कचेरीत प्रत्येकाचेच पीक वाळत असते. यावर माझ्या मते उपाय असा: तातडी मोजून द्यावी. प्रत्येक घराला महिन्यातून ठरावीक वेळा, समजा पाच वेळा, तातडीचे बटण दाबता येईल. ज्याचा प्रवास रोजचाच लांबचा आहे त्याने तसे लेखी नोंदवावे आणि त्याचा वाटा त्याप्रमाणे कायमचा ठरवावा. आणि रोज सकाळी कुणी किती घेतले, कुणी तातडी वापरली, याचा तक्ता जिन्याखाली लागावा. पाणीवापर संस्थांचा अनुभव हेच सांगतो. शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा कायदा २००५ चा, पण त्याआधीच दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर शेतकऱ्यांनी पाणी मोजून घेण्याची पद्धत बसवली होती. पाणी मोजून दिले आणि मोजमाप सगळ्यांना दिसले की संशय कमी होतो. संशय कमी झाला की लोक खरी गरज सांगू लागतात.

आणखी एक हक्क असतो, तो सभेत कुणी मांडत नाही, कारण ज्याचा आहे तो अजून रांगेत आलेला नसतो. ज्याच्याकडे आज गाडी नाही त्याचा. इमारतीच्या मंजूर भारात जे ४० अँपिअर मोकळे आहेत ते पहिल्या तीन गाडीमालकांचे नाहीत, सगळ्या घरांचे आहेत. पहिले तिघे पूर्ण क्षमतेचे चार्जर लावून मोकळे होतात, चौथ्याला सचिव सांगतात की आता भार शिल्लक नाही, तुम्ही डीपीचा खर्च करा. असे अनेक ठिकाणी होणार आहे. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवला नाही, घरातल्या माणसांवर ठरवला. ज्याच्याकडे जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क धरला. आणि जास्त पाणी पिणारा ऊस घेऊ दिला नाही. इमारतीत हेच करायचे तर वाटा गाडीवर नव्हे, घरावर धरावा लागेल. गाडी नसलेले घर आपला वाटा तूर्तास इतरांना वापरू देईल, पण गाडी आली त्या दिवशी तो मागेल आणि तो मिळेल. हे आधी लिहिलेले नसेल तर नंतर कुणी देणार नाही.

दुचाकींचे थोडक्यात सांगतो. पैठणसारख्या गावात विजेच्या दुचाकी चारचाकींपेक्षा आधी आणि जास्त येणार, आल्याही आहेत. त्यांना इशाऱ्याची ती बारीक तार नसते, साध्या सॉकेटवर त्या भरतात आणि किलोवॅटच्या आत ओढतात. त्यांना कमी-जास्त करत बसू नये. त्यांच्यासाठी भाराचा एक तुकडा कायमचा बाजूला काढावा आणि प्रत्येकीला स्वतःचे, अर्थिंग असलेले सॉकेट द्यावे. एका एक्स्टेन्शन बोर्डावर चार स्कूटर हा प्रकार जिथे दिसेल तिथे आजच थांबवावा. तिथे प्रश्न वाटपाचा नसून आगीचा आहे.

यंत्र विकत घेताना दोन गोष्टींवर अडून बसावे. एक, नियंत्रक बंद पडला, नेट गेले, तर प्रत्येक चार्जरने आपोआप अशा खालच्या मर्यादेवर यावे की सगळ्यांची बेरीज तारेच्या आत राहील. निरोप मिळाला नाही म्हणजे मोकळे रान, असे धरणारे चार्जर घेऊ नयेत. धरणाचे दरवाजे कसे वागतील याचा विचार कोरड्या वर्षात करायचा असतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून सोडलेले पाणी पैठणच्या घरांत शिरले तो दिवस ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको. दुसरी गोष्ट, चार्जरने ओसीपीपी हा खुला संकेत बोलला पाहिजे. या संकेतात कोणत्या वेळी किती करंट याचे वेळापत्रक चार्जरला बाहेरून देता येते, मग नियंत्रक कुणाचाही असो. एका कंपनीच्या बंद पेटीत अडकलात तर उद्या वाटपाचा नियम बदलायचा म्हणून सभेने ठराव केला तरी तो पेटीत घालायला त्या कंपनीची परवानगी लागेल. व्हॉल्व्हची चावी आपल्याकडे असावी.

कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, मोठी डीपी आणा आणि मोकळे व्हा. मोठी डीपी आणावी लागते तिथे आणावीच. पण जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी असलेले १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र पूर्ण ताकदीने चालले तरी ७.४ किलोवॅटचे जेमतेम १६२० चार्जर एकाच वेळी चालतील. तालुक्यात १६२० गाड्या व्हायला फार वर्षे लागणार नाहीत. प्रत्येक जण आपापल्या सर्वोच्च क्षणासाठी तार, डीपी, फीडर, उपकेंद्र मागत गेला तर तो खर्च शेवटी सगळ्यांच्या वीजदरात येतो, ज्याच्या घरी सायकलही नाही त्याच्याही. महावितरणलाही माझी मागणी आहे. ज्या इमारतीने भाराची मर्यादा पाळणारी व्यवस्था बसवली आणि ती तपासून दाखवली, तिचा मंजूर भार चार्जरच्या बेरजेवर धरू नका, त्या मर्यादेवर धरा. शिस्त पाळणाऱ्याला शिस्तीचा फायदा बिलात दिसला पाहिजे.

हे नियम आताच का करायचे, ते जायकवाडीच्या इतिहासातून कळते. धरणाचा पाया १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. खोऱ्यातल्या धरणांनी टंचाई सारखी वाटून घ्यावी असे सांगणारा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला २००५ मध्ये. कुठल्या धरणात किती ठेवायचे आणि किती खाली सोडायचे याचा मेंढेगिरी समितीचा तक्ता आला २०१३ मध्ये. खरिपातला वापर धरून ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे, हे प्राधिकरणाने २०१४ च्या सप्टेंबरमध्ये ठरवले. उच्च न्यायालयाने कायद्यातल्या समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले ते २०१६ मध्ये. तरीही २०२३ मध्ये ८.६ टीएमसी पाण्यासाठी मराठवाड्याला रस्त्यावर यावे लागले. उद्घाटनापासून तक्त्यापर्यंत ३७ वर्षे गेली. मधल्या काळात वरच्या खोऱ्यात ऊस उभा राहिला, कारखाने उभे राहिले, शहरे वाढली, आणि प्रत्येकाला आपण वापरतो ते पाणी आपल्या हक्काचे वाटू लागले. नियम उशिरा आला की तो कुणाच्या तरी तोंडचे काढून घेणारा वाटतो.

म्हणून पैठणच्या, बिडकीनच्या, चितेगावच्या ज्या इमारतीत आज विजेची एकच गाडी आहे तिथल्या चेअरमन आणि सचिवांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या. गाड्यांसाठी प्रत्येक फेजवर किती अँपिअर मोकळे आहेत ते वायरमनकडून मोजून घ्या आणि इतिवृत्तात लिहा. वाटा घरावर धरायचा, पाळी सवडीवर लावायची आणि रोजचा तक्ता सगळ्यांना दिसायचा, एवढे ठराव करा. आज विरोध करायला कुणी नाही, कारण आज कुणाचे काही जात नाही. दुसरी गाडी दारात यायच्या आधी हे करा.